भानुदास मेश्रामांचे सहासष्ट तास

भानुदासकाका मेश्राम काही सांगायला लागले, की अमेरिकेतल्या डब्लिन गावातली मराठी मंडळी आधी त्यांच्या ओठांचा डावा कोपरा बघतात. तो जरा जरी हलला तरी समजायचं, काहीतरी शिजतंय. गावाबाहेरच्या मैदानात माणसाच्या उंचीची सिमेंटची कणसं उभी केलेली आहेत ना, ती नगरपालिका दर ऑक्टोबरात कापते आणि पुन्हा पेरते, असं त्यांनी पुण्याहून नव्यानंच आलेल्या एका जोडप्याला सांगितलं होतं. बिचारी ऑक्टोबरात कॅमेरा घेऊन तिथे जाऊन उभी राहिली. त्यांना तिथे बघायला काकाही गेले होते, हे सगळ्यात वाईट.

माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, मूळचा नागपूरचा. बायको प्रतिमा नर्स. ती नोकरीवर आधी आली आणि मागून हे आले. तिकडे मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये होते, इकडे परीक्षा देऊन कोलंबसच्या एका हॉस्पिटलात त्याच कामाला लागले. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. काम असं, की सर्जन लोक शरीरातून जो तुकडा काढतात तो काकांकडे येतो. काका तो मेणात बसवतात, केसाच्या विसाव्या भागाइतका पातळ काप काढतात, काचेवर घेतात, रंगवतात आणि ती स्लाइड डॉक्टरांच्या टेबलावर ठेवतात. कापायचं काकांनी, वाचायचं डॉक्टरांनी. सव्वीस वर्षं लाखो कापांकडे बघून काकांनाही वाचता येत होतं, पण त्यांच्या वाचण्याला तिथे कोणी विचारत नव्हतं. मग माणूस खोड्या नाही करणार तर काय करणार?

खोडी म्हणजे कसली, तर अळूवडी. शिकाऊ डॉक्टरांच्या सरावासाठी ओळख न सांगता स्लाइड ठेवायची पद्धत असते. काकांनी एकदा प्रतिमाची अळूवडी मेणात बसवली, काप काढला, गुलाबी-जांभळा रंगवला आणि त्या ट्रेमध्ये सरकवला. गुंडाळीच्या वेटोळ्यांवर वेटोळी, त्यात अळूचे ते खाज आणणारे सुईसारखे खडे. त्या वर्षी नवीनच आलेल्या डॉक्टर नैनानं अर्धं पान भरून लिहिलं, आतड्याचा भाग, आत स्फटिक, गंभीर आजाराची शक्यता. ते तिनं भर मीटिंगमध्ये वाचूनही दाखवलं. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. नैनाच्याही आलं, पण ते हसून नव्हतं.

ही नैना मिशिगनमधल्या नोव्हायची, जन्मानं अमेरिकन, आईवडील मराठी. मराठी समजतं सगळं, बोलताना अर्ध्यावर इंग्रजी होते. आता ती त्याच हॉस्पिटलात हाडांच्या गाठींची मोठी डॉक्टर झालीय आणि काकांचं काम तिच्याच सहीनं पुढे जातं. तरी हाक 'काका' अशीच मारते. मात्र अळूवडी ती विसरलेली नाही. त्यात या एक एप्रिलला काकांनी पुन्हा तिच्या ट्रेमध्ये शेवग्याच्या शेंगेचा काप ठेवला. तेव्हा ती थंडपणे म्हणाली होती, की काका, हे शेवटचं. काकांनी कानाला हात लावला. ओठाचा डावा कोपरा तेव्हा हललाच असणार.

आता जनुकाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. काका ते जेवणाच्या पंगतीत इतकं छान सांगतात की पोरंसुद्धा फोन खाली ठेवतात. ते म्हणतात, एकेका पेशीत दोन मीटर दोरा असतो, तो डीएनए. तो तसाच कोंबला तर गुंता होईल, म्हणून निसर्गानं रिळं केली. त्या रिळांचं नाव हिस्टोन. रिळं बनवायची कृती ज्या जनुकांत लिहिलेली आहे, त्यातल्या एकाचं नाव एच-थ्री-थ्री-ए. कृतीतलं एक अक्षर चुकलं की रिळातला एक मणी बदलतो. सत्ताविसावा मणी बदलला, तर लहान पोरांच्या मेंदूत अशी गाठ येते की भलेभले डॉक्टर मान खाली घालतात. चौतिसावा बदलला, म्हणजे ग्लायसिन नावाच्या मण्याच्या जागी ट्रिप्टोफॅन नावाचा बसला, तर गाठ बहुतेक वेळा गुडघ्याजवळच्या हाडात येते. ती हाड पोखरते, पण सहसा जीव घेत नाही. खरवडून काढायची, खड्डा सिमेंटनं भरायचा, माणूस चालायला लागतो. सात घरांचा फरक, काका म्हणतात, पण कुठे मरण आणि कुठे कुबड्या.

हा चौतिसावा मणी बदललाय का, ते बघायला एक खास रंग आहे. बदलला असेल तर पेशींची केंद्रं तपकिरी होतात, नसेल तर निळसर राहतात. सोपं वाटतं ना? पण हाड मुळात कापता येत नाही. आधी ते ॲसिडच्या बरणीत टाकून त्यातला चुना काढावा लागतो. थोडा वेळ ठेवलं तर हाड मऊ होतं. जास्त ठेवलं तर पेशींमधलं जे शोधायचं तेच मरतं आणि रंग चढतच नाही. म्हणून बरणीजवळ एक तक्ता असतो. तुकडा आत कधी टाकला, बाहेर कधी काढला, खाली सही.

काकांची एक सवय होती. आत टाकतानाच ते बाहेर काढायची वेळसुद्धा लिहून मोकळे व्हायचे. बारा वाजता आत, चार वाजता बाहेर, सही. कारण चारला ते काढणारच. सव्वीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते, मग परत पेन कशाला शोधायचं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण स्वतःला अति शहाणा कोण समजतो?

त्या शुक्रवारी एक तुकडा आला. वय एकोणतीस, जागा गुडघ्याच्या वरचं हाड, नाव नाही, फक्त नंबर. काकांनी नेहमीप्रमाणे आधी निवडानिवड केली. ॲसिडची गरज नसलेला मऊ भाग हाडातून वेगळा काढायचा, ही त्यांची दुसरी सवय आणि ही चांगली. मसुरीच्या डाळीएवढा एक लालसर कण निघाला, तो त्यांनी 'बी' म्हणून वेगळ्या डबीत घातला. हाडाचा मोठा तुकडा 'ए', तो बरणीत. बाराला आत, चारला बाहेर, सही.

अडीच वाजता फोन वाजला. दुसऱ्या दिवशी शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये बाबासाहेबांची जयंती होती, दोनशे लोक येणार होते, आणि साउंड सिस्टिमवाल्यानं कॅन्सल केलं होतं. कमिटीत काकांशिवाय पान हलत नाही. ते निघाले, चारपर्यंत येतोच म्हणून निघाले. स्पीकर मिळवायला इकडून तिकडे करता करता सहा वाजले, तिथून भात किती शिजवायचा यावर वाद सुरू झाला. शनिवारी कार्यक्रम उत्तम झाला. रविवारी खुर्च्या परत केल्या. सोमवारी सकाळी सहाला लॅबमध्ये दिवा लावला आणि समोर बरणी.

सहासष्ट तास.

काकांनी बोटांवर पुन्हा मोजलं. लगेच कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि ते त्यांना कळतही होतं. पण तक्त्यावर त्यांच्याच सुंदर अक्षरात चार वाजले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी तुकडा धुतला, पुढच्या कामाला लावला आणि स्वतःला समजावलं की दिसेल कदाचित बरं.

मंगळवारी स्लाइड फिकट आली. नैनानं तक्ता मागवला, त्यावर लिहिलेले चार तास बघितले आणि मान हलवली. गाठीत मोठमोठ्या पेशी पुष्कळ होत्या. त्या दोन आजारांत दिसतात. एक ती गुडघ्याची खरवडून काढायची गाठ, दुसरा हाडाचा खरा कॅन्सर. कॅन्सर असेल तर आधी महिनोन्‌महिने औषधं, मग गुडघा सांध्यासकट काढायचा, प्रसंगी पायच. दोन्हींतला फरक ठरवायला तिनं 'ए'वर चौतिसाव्या मण्याचा रंग मागवला. 'बी'मध्ये बहुतेक रक्तच होतं, त्याकडे तिनं लक्ष दिलं नाही.

बुधवारी सकाळी रंग आला. गाठ कोरी, निळी. प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात आधीपासून माहीत असलेल्या गाठीचा एक कण ठेवतात, रंगानं काम केलं की नाही ते कळायला. तो मस्त तपकिरी झाला होता. म्हणजे रंग चांगला, गाठ निगेटिव्ह. पण तो कोपऱ्यातला कण मऊ गाठीचा होता, त्यानं ॲसिड कधी पाहिलंच नव्हतं. साक्षीदार खरं बोलत होता, पण दुसऱ्याच घरच्या चोरीबद्दल. 'ए' मात्र ॲसिडमध्ये सहासष्ट तास पडून होता, हे त्या इमारतीत फक्त एका माणसाला माहीत होतं.

गुरुवारी दुपारी बारा वाजता सगळ्या तज्ज्ञांची बैठक होती. तिथे नैना कॅन्सर म्हणून सांगणार होती. एकोणतीस वर्षांचा पाय.

आता सरळ जाऊन सांगावं की नाही? छे. काकांच्या डोक्यात खोडीच आली. जन्मभर तीच वाट पायाखालची, संकटातही पाय तिकडेच वळले. त्यांनी ठरवलं, 'बी'वर आपणच गुपचूप रंग करायचा, आपणच लेबल छापायचं आणि स्लाइड नैनाच्या ट्रेमध्ये ठेवून द्यायची. तिला वाटेल आपणच मागवली होती. तपकिरी आली तर पाय वाचेल, आपली मूठही झाकलेली राहील. सापही मरेल आणि काठीही शाबूत.

तीन तासांनी 'बी' मशीनमधून बाहेर आली. त्या मसुरीएवढ्या कणात, रक्ताच्या गर्दीत, साठ-सत्तर पेशी आणि त्यांची केंद्रं तपकिरी. चौतिसावा मणी बदललेला होता. ही कॅन्सरची नाही, ती खरवडायची गाठ होती. काकांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले. शेजारच्या बाकावरच्या ब्रेंडानं विचारलं तर त्यांनी डोळ्यांना झोंबणाऱ्या फॉर्मॅलिनवर ढकललं. स्लाइड ट्रेमध्ये सरकवून ते शीळ घालत परत आले.

चार वाजता नैनानं बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. स्लाइड तिच्या समोर होती.

तिनं ती मागवलेली नव्हती, हे तिला पक्कं माहीत होतं. कणभर तुकडा, अचानक पॉझिटिव्ह, न मागता आलेला, आणि तोही कुणाकडून, तर अळूवडीवाल्याकडून. तिचा हिशेब सरळ होता. काकांनी कोपऱ्यात ठेवायच्या त्या कणाचाच एक काप घेतला आणि त्यावर पेशंटचं लेबल लावलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काका, मी खूप सहन केलं. पण नॉट धिस. हा कुणाचा तरी पाय आहे."

काका म्हणाले, की ही गंमत नाही, स्लाइड खरी आहे. तिनं विचारलं, मग सकाळची खोटी कशी? तक्ता तर बरोबर आहे. काका तेच परत म्हणाले, की स्लाइड खरी आहे. ती म्हणाली की ती ही स्लाइड कचऱ्यात टाकतेय आणि उद्या लॅबच्या संचालकांकडे तक्रार करतेय. तिचा हात डब्याकडे गेलासुद्धा.

माणूस सव्वीस वर्षं लोकांना खोटं खरं वाटावं म्हणून धडपडला आणि आज खरं सांगतोय तर कुणी ऐकत नाही. पण यात रडण्यासारखं काय आहे? हे घर त्यांनी स्वतःच बांधलेलं होतं. आता त्यातून बाहेर पडायला एकच दार, आणि ते नाक घासूनच ओलांडावं लागणार होतं.

"तक्ता खोटा आहे," काका म्हणाले. "चार वाजता मी इथे नव्हतो. तुकडा सोमवारी सकाळपर्यंत ॲसिडमध्ये होता. वेळ मी शुक्रवारी दुपारीच लिहून ठेवली होती. मी नेहमी तशीच लिहितो."

नैनाचा हात डब्यावर तसाच थांबला. तिनं त्यांच्या ओठांकडे बघितलं. कोपरा हलला नाही. बराच वेळ ती बघत होती, आणि काकांना पहिल्यांदा कळलं की कुणीतरी आपल्या तोंडावर असं शोधत राहणं किती लाजिरवाणं असतं.

मग ती भराभर कामाला लागली. 'बी'चा उरलेला मेणाचा ब्लॉक तिनं स्वतः कपाटातून काढला, ब्रेंडाला दिला आणि काकांना त्या खोलीत येऊ नका म्हणून सांगितलं. काका बाहेर कॉरिडॉरमध्ये बसले. नवऱ्याला बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसवतात, तसे. नंतर तिनं संचालकांच्या समोर बसवून सगळं लिहून घेतलं. काकांच्या अक्षराची त्या दिवशी काही कमाल नव्हती.

गुरुवारी दहाला ब्रेंडाची स्लाइड आली. कण आणखी लहान झाला होता, वीसेक पेशीच उरल्या होत्या. पण तपकिरी. बाराच्या बैठकीत नैनानं निदान बदलून सांगितलं आणि ते का बदललं तेही सांगितलं, नाव घेऊन. महिन्याभरात सर्जननी गाठ खरवडली, खड्डा सिमेंटनं भरला. काढलेल्या गाठीवर पुन्हा रंग केला, सगळीकडे तपकिरी. पाय जागेवर राहिला. हे काकांना ब्रेंडाकडून कळलं, कारण नैना त्यांच्याशी बोलत नव्हती.

आणि बोलेल तरी कशी? एक तक्ता खोटा निघाला म्हणजे सव्वीस वर्षांचे सगळेच तक्ते संशयात. मागच्या दोन वर्षांतल्या हाडांच्या एकशे अडतीस केस बाहेर काढल्या गेल्या. संध्याकाळी सगळे गेल्यावर नैना एकेक स्लाइड पुन्हा बघत बसायची. काकांना हाडांपासून हलवलं, दिवसभर पित्ताशयं आणि टॉन्सिल कापायला लावली. दर आठवड्याला एक तास कालच्या पोरापोरींबरोबर बसून नोंदी कशा ठेवाव्यात याचं ट्रेनिंग घ्यायला लावलं. घरी प्रतिमा एवढंच म्हणाली, की नर्सनं औषधाची वेळ आधी लिहिली तर तिला काय म्हणतात माहीत आहे ना? काकांना माहीत होतं. त्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये कुणाचीही खोडी निघाली नाही. लोक एकमेकांना विचारायला लागले की काकांची तब्येत बरी आहे ना.

एकशे अडतीसपैकी एकही निदान चुकलेलं निघालं नाही. दोन स्लाइड फिकट होत्या, पण निकाल बरोबर होता. काकांनी वेळा आधी लिहिल्या होत्या, पण पाळल्याही होत्या, त्या एका शुक्रवारखेरीज. हे कळलं तेव्हा ऑगस्ट लागला होता. काकांना वाटलं, आता सुटलो.

त्या दिवशी नैना ब्लॉक ठेवायच्या खोलीत आली. काका टॉन्सिलचे डबे लावत होते. ती दारातच उभी राहिली. तिनं एकच विचारलं.

"काका, 'बी' निगेटिव्ह आली असती, तर तुम्ही मला सांगितलं असतं?"

उत्तरं तोंडात तयार होती. अहो, निगेटिव्ह येणारच नव्हती, हे एक. मेश्रामांच्या घराण्यात निगेटिव्ह कोणी नाही, हे दुसरं. ती हसली असती बहुतेक, चार महिन्यांनी पहिल्यांदा. आणि तिसरं एक होतं, 'हो, नक्की', सगळ्यात सोपं. ते तपासायला कोणता रंगही नव्हता.

काकांनी हातातला डबा खाली ठेवला. 'बी' कोरी आली असती, तर ती कचऱ्यात टाकली असती आणि तोंड बंद ठेवलं असतं, हे त्यांना बुधवारपासूनच माहीत होतं. रोज सकाळी ते त्यांना आठवतही होतं. कोरी म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नसताना उघडं कशाला पडायचं? एकोणतीस वर्षांच्या त्या माणसाचं नशीब की साठ पेशी रक्तात तगून राहिल्या.

"नसतं सांगितलं," ते म्हणाले. "मला तसं वाटत नाही की सांगितलं असतं."

 नैनानं मान हलवली की नाही ते काकांना दिसलं नाही, कारण ते डब्याकडे बघत होते. ती गेली. आता आपली नोकरी गेली, असं समजून काका त्या दिवशी घरी गेले आणि प्रतिमानं वाढलेलं ताट तसंच ठेवून उठले.

सोमवारी सकाळी त्यांच्या बाकावर हाडाचा तुकडा होता. नवा नंबर, वय बावन्न, खांदा. सोबतच्या कागदावर नैनाचं अक्षर होतं, की हे मेश्रामांनीच करायचं. काकांनी तो कागद दोनदा वाचला. मऊ भाग निवडून वेगळा काढला, हाड बरणीत सोडलं, आत टाकायची वेळ लिहिली आणि तिथेच थांबले.

दोन वाजायला पाच मिनिटं असताना ती आली. पांढरा कोट, हात खिशात. काकांनी बरणी उघडली, तुकडा चिमट्यानं बाहेर काढला, पाण्याखाली धरला. मग सवयीनं पेनाकडे हात गेला, पण पेन तिथे नव्हतं. ते तिच्या हातात होतं. तिनं भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि तक्त्यावर वेळ लिहिली.

"हाड तुम्ही सांभाळा, काका," ती म्हणाली. "वेळ मी लिहीन."